पाहुणे जाईपर्यंत

आईच्या तपासणीची तारीख आणि माझ्या नमुना पाठाची तारीख एकच निघाली, तेव्हा मी फोन उचलला आणि तपासणीची तारीख बदलली.

पाठ सोडता आला नसता असं नाही. मुख्याध्यापिका मॅडमना सांगितलं असतं, तर त्यांनी तो पाठ दुसऱ्या विज्ञान शिक्षिकेला दिला असता, एवढंच. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान, चांगली शिकवणारी, आणि तिला तो हवाच होता. परदेशातल्या एका शाळेतून दोन शिक्षिका बारा दिवसांसाठी आमच्याकडे येणार होत्या. आमच्यातल्या एकीला त्या निवडणार होत्या आणि त्या एकीला महिनाभर तिकडे शिकवायला जायला मिळणार होतं. सत्तेचाळीस वर्षांत मी जग पाहिलं ते पुस्तकांतून. कधीही न गेलेल्या शहरांतले पूल मला नावानिशी माहीत होते, कोणत्या पुलावरून कोणत्या बाजूला स्टेशन लागतं तेही. मला जायचं होतं. हे तेव्हा मी कोणापाशी बोलले नाही, म्हणून आता आधीच सांगते.

आईला तीन महिने घास नीट उतरत नव्हता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी पित्ताच्या गोळ्या दिल्या, त्यांनी फरक पडला नाही म्हणून आणखी जास्त पित्ताच्या गोळ्या दिल्या, आणि मग मोठ्या हॉस्पिटलच्या नावानं चिठ्ठी दिली: अन्ननलिका दुर्बिणीनं बघून घ्या. तिथला नंबर लागायला सात आठवडे गेले होते. अट एकच होती, भूल पूर्ण उतरेपर्यंत सोबत घरचं मोठं माणूस हवं. आमच्या घरात मोठी माणसं दोन. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर, आणि त्याचा जोडीदार नेमका त्या आठवड्यात रजेवर, त्यामुळे त्याला पंप सोडून हलता येत नव्हतं. राहिले मी.

"ही तारीख सोडलीत तर पुढची सहा आठवड्यांनी आहे," हॉस्पिटलमधली मुलगी फोनवर म्हणाली. "चालेल ना?"

"चालेल," मी म्हणाले.

आई तिथेच जेवणाच्या टेबलाशी नातीची गणिताची वही तपासत बसली होती. मी फोन ठेवला तरी तिनं मान वर केली नाही.

"तुला जमेल तसं कर," ती म्हणाली, आणि लाल पेनानं एका उत्तराभोवती गोल काढला. "अगं ए वकीलबाई, इथलं उणे चिन्ह कुठे गेलं? फिरायला?"

माझी लेक पंधरा वर्षांची. कुठल्याही गोष्टीवर तीन मुद्दे मांडल्याशिवाय ती हो म्हणत नाही, म्हणून आईनं तिचं नाव वकील ठेवलं होतं. वकील आणि मी, आम्ही दोघीही त्या वाक्याला संमती समजलो. वकील पंधराची होती.

आई आमच्याच शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवत होती. शाळेत तिला मोठ्या बाई म्हणत. मी तिथं लागले त्या दिवसापासून धाकट्या बाई झाले. आई निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी मी धाकटीच राहिले. मुख्याध्यापिका तिच्याच हाताखाली शिकलेल्या. अजूनही तिच्यासमोर खुर्चीच्या काठावर बसायच्या. पाहुण्यांची सोय ठरवायला त्या घरी आल्या तेव्हाही तशाच बसल्या.

"बाई, हॉटेलात ठेवलं तर त्यांना आपलं काय दिसणार? धाकट्या बाईंकडे राहिल्या तर घर दिसेल. पण तुमच्या खोलीलाच तेवढं लागून बाथरूम आहे, म्हणून विचारते."

"खोली माझी कसली, घर हिचं आहे," आई म्हणाली. "आणि तू विचारतेयस की सांगतेयस?"

"विचारतेच आहे, बाई."

"मग विचारणाऱ्यानं पाठ टेकून बसावं. पडशील."

सगळे हसलो. दुसऱ्या दिवशी आईच्या गोळ्या, चष्मा, दोन जाड पुस्तकं आणि रेडिओ वकिलाच्या खोलीत गेले, आणि आईच्या पलंगावर नव्या चादरी आल्या.

त्या आठवड्यात संध्याकाळी आई माझ्याकडून पाठाची तालीम करून घ्यायची. ती खुर्चीत बसायची, मी कपाटाच्या दारासमोर उभी. विषय हवेचा दाब. काठोकाठ भरलेल्या ग्लासवर पुठ्ठा ठेवायचा, ग्लास उलटा करायचा, पाणी सांडत नाही, का?

"कपाटाला काय शिकवतेस? त्याला कळलंय. माझ्याकडे बघून बोल."

"बोलतेय की."

"मग 'का' विचारल्यावर गप्प राहा. उत्तर तू देऊ नकोस. मोज मनात, सात. सातपर्यंत कोणीतरी बोलतंच."

मी सात आकडे मोजेपर्यंत मला तिचा गळा दिसायचा. त्यातले शिरांचे दोर वर आले होते. मला ते दिसत नव्हते असं मी म्हणणार नाही. दिसत होते, आणि मी मोजत होते.

पाहुण्या दोघी आल्या. एक तरुण, इतकी उंच की पहिल्याच दिवशी बाथरूमच्या चौकटीवर तिचं कपाळ आपटलं. वकिलानं तिला लगेच टॉवर करून टाकलं. दुसरी माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, आखूड पिकलेले केस, बोलणं कमी. तिला आम्ही थोरली म्हणू लागलो. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायचो ते मी आणि वकील. नवरा त्यांच्याशी मराठीतच बोलायचा, फक्त दुप्पट मोठ्यानं.

"पंप! पाणी! या बघायला! शाळा काय, सगळीकडे सारख्याच!"

टॉवरला ते सगळं समजायचं. कसं ते तिलाच ठाऊक. चौथ्या दिवशी ती खरोखर पंप बघून आली आणि नवरा दोन दिवस मान ताठ ठेवून फिरत होता.

माझा दिवस पाचला सुरू व्हायचा. नाश्ता, पाच डबे, आईचं औषध, दोघींना घेऊन बस, शाळेत सहा तास, मग त्यांना बाजार दाखव, ग्रंथालय दाखव, घरी येऊन स्वयंपाक, आणि जेवणानंतर शाळेच्या बेचाळीस वह्या. बाकी सगळ्याला मी एकच उत्तर ठेवलं होतं. नवऱ्याची दाढ दुखत होती: पाहुणे जाईपर्यंत लवंग धर. नळ गळत होता: पाहुणे जाईपर्यंत खाली बादली ठेव. हे उत्तर इतकं अंगवळणी पडलं की वकील मला चिडवायला म्हणायची, "आई, भूक लागलीय. की पाहुणे जाईपर्यंत थांबू?"

तिनंच एका सकाळी, मी डबे भरत असताना, ओट्याला टेकून सांगितलं, "आजी बसून झोपते."

"म्हणजे?"

"भिंतीला तीन उशा लावते. आडवी झाली की खोकते. मला म्हणाली, आईला सांगू नकोस."

"मग का सांगितलंस?"

"कारण एक, तू माझी आई आहेस. दोन, ती तुझी आई आहे. तीन..."

"वकील, मला सात पन्नासची बस पकडायचीय. म्हाताऱ्या माणसांना झोप कमीच असते. पाहुणे जाऊ देत, मग बघू."

तिनं तिसरा मुद्दा सांगितला नाही. मीही विचारला नाही.

गुरुवारी, म्हणजे ज्या दिवशी सकाळी दहाला आई दुर्बिणीच्या टेबलावर असायला हवी होती, त्या दिवशी सकाळी दहाला ती माझ्या वर्गात पहिल्या ओळीत खुर्चीवर बसली होती. मुख्याध्यापिकांनी तिला खास बोलावलं होतं. इस्त्रीचे कपडे, केस नीट विंचरलेले, हातात रुमाल. दोन्ही बाजूंना दोन पाहुण्या, मागे शिक्षण खात्याचे साहेब. कपडे खांद्यांवरून ओघळत होते. तिनं मानेजवळ आतून टाचणी लावली होती.

आता आमच्या शाळेची एक रीत सांगायला हवी. बाहेरचं कोणी वर्ग बघायला आलं की प्रश्नाला सगळ्या मुलांनी हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. बघणाऱ्याला हातांचं रान दिसतं, आणि विचारणाऱ्याला कोणाला उठवायचं ते कळतं. ही रीत तीस वर्षांपूर्वी आईनंच एका तपासणीच्या वेळी काढली होती. तिला त्यात खोटं काही वाटायचं नाही. "ज्याला येत नाही त्याला चारचौघांत उघडं का पाडायचं?" असं तिचं म्हणणं.

पाठ चांगला झाला. ग्लास उलटा झाला, पाणी राहिलं, मी 'का' विचारलं आणि सातपर्यंत मोजलं. पाचालाच हात वर आले. तेवढ्यात थोरलीनं हळूच विचारलं, एक प्रश्न मी विचारू का? मी काही म्हणायच्या आत साहेब म्हणाले, "अवश्य, अवश्य." तिचा प्रश्न मी वर्गाला मराठीत सांगितला: पुठ्ठ्याला भोक पाडलं तर काय होईल? सगळे हात वर. थोरलीनं दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीकडे बोट केलं. त्या मुलीचा हात डावा होता.

मुलगी उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ग्लासकडे. मुख्याध्यापिका हसायच्या बेतात होत्या, प्रकरण निभावून न्यायला हसतात तसं.

"बाळा," आई खुर्चीतूनच म्हणाली, "भोक राहू दे. तुझ्या घरी पत्र्याच्या डब्यातलं तेल ओतताना एकच भोक पाडतात की दोन?"

"दोन."

"एकच पाडलं तर?"

"नीट येत नाही. गचके खातं."

"का गं? दुसऱ्या भोकातून तेल तर येत नाही. मग ते पाडायचं कशाला?"

मुलीनं विचार केला. "हवा आत जायला."

"मग आता पाहुण्या बाईंच्या पुठ्ठ्याचं सांग."

"हवा आत गेली की पाणी खाली पडेल," मुलगी म्हणाली, आणि तिचा उजवा हात आपोआप वर गेला. वर्ग हसला, टाळ्या वाजल्या. साहेबांनीही वाजवल्या. आई घामानं निथळत होती. मला वाटलं, अभिमानानं. आईचा घाम अभिमानाचा असू शकत नाही, हे कळायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही. पण त्या वेळी पाठ जिंकलाय हे एवढंच मला कळत होतं.

मग ऑफिसात चहा-बिस्किटं झाली. आईनं एक बिस्किट घेतलं, बराच वेळ चावलं, आणि रुमाल तोंडाला लावला. त्यानंतर तिनं चहाचा घोट घेतला आणि साहेबांना म्हणाली, "तुमच्या वडिलांनाही मी शिकवलंय. त्यांना भागाकार जमायचा नाही." साहेब खूश झाले.

त्या संध्याकाळी मी कांदा चिरत असताना थोरली स्वयंपाकघरात आली. दार लोटून घेतलं. आधी ती हातांबद्दल बोलली.

"उजवा आणि डावा. बरोबर?"

मी सुरी थांबवली.

"आमच्याकडे मूठ आणि पंजा," ती म्हणाली. "येत असेल तर पंजा. तुम्हाला लाजवायला मी नाही विचारलं. तिकडे मी सवयीनं पंजावाल्यालाच उठवते. इथे मला हात ओळखू आला नाही."

आम्ही दोघी हसलो. बारा दिवसांतलं माझं तेवढं एक हसू खरं होतं. ते संपायच्या आत ती म्हणाली, "तुमच्या आईंना गिळता येत नाही."

"वय झालंय. खाणं कमी झालंय."

"त्या घास रुमालात काढून घेतात. टेबलावरही. आज ऑफिसातही. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. मी ढवळाढवळ करत नाही, पण त्यांना कोणाला दाखवलंय का?"

"हो तर. मोठ्या हॉस्पिटलची तारीख मिळालीय."

"कधी?"

"लवकरच," मी म्हणाले आणि यजमान हसतात तसं हसले. "कॉफी करू तुमच्यासाठी?"

ती नको म्हणाली. मला राग आला होता. पाहुण्यांनी घरच्यांच्या ताटात डोकावू नये असं मला वाटलं. हेही वाटलं की आता ही टॉवरशी बोलेल, आणि घरात आजारी माणूस आहे म्हटल्यावर मला निवडायला कचरतील.

दुसऱ्या दिवसापासून थोरलीचं पोट बिघडलं. तिनं मला अगदी अजिजीनं विचारलं, रात्री फक्त पातळ सूप मिळेल का? शक्य असेल तर गाळलेलं. एकटीसाठी नको, मोठं पातेलंभर करा, मी सकाळीही घेईन. उरलेले सहा दिवस मी भाज्या उकडून, घोटून, गाळून सूप करत होते आणि मनात म्हणत होते, काय नखरे एकेकीचे. टेबलावर ती पातेलं आपल्यापुढे ओढायची, आधी आईच्या वाटीत वाढायची, मग आपल्या. आईही सूप घ्यायची, पाहुणीला सोबत म्हणून. त्या सहा दिवसांत आईचा रुमाल कोरडा होता. हे मला वकिलानं सांगितलं, फार नंतर.

निघताना थोरलीनं आईचे दोन्ही हात हातात घेतले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई म्हणाली, "पुन्हा या." थोरली काय म्हणाली ते मी आईला सांगितलं नाही. ती म्हणाली होती, उद्याच जा.

आम्ही उद्या गेलो नाही. मी हॉस्पिटलला फोन केला, आधीची एखादी तारीख आहे का विचारायला, नव्हती. एकदाच केला. मग वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आल्या.

सहा आठवड्यांनी तपासणी झाली. त्या दिवशी दादाही आला होता. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा, दुसऱ्या शहरात असतो, गाडीनं पाच तासांवर. डॉक्टर तरुण होते, चष्मा पुसत बोलायचे. गाठ मोठी आहे म्हणाले, बाहेरच्या बाजूला चिकटलीय, आता ऑपरेशन करण्यासारखी राहिली नाही. मग कागद उलटून पाहत त्यांनी विचारलं, "आधीची तारीख दिलेली दिसतेय. आला नाहीत?"

मी तोंड उघडलं. मला काय म्हणायचं होतं ते आता मला सांगता येणार नाही.

"मीच फिरवली," आई म्हणाली. तिचा आवाज भुलीनं जड होता. "घरी परदेशी पाहुणे होते. असं घर सोडून कसं येणार?"

"आई!" दादा म्हणाला. "पाहुण्यांसाठी कोणी तपासणी सोडतं का? काय हा हट्ट तुझा!"

"आहेच मी हट्टी. आता रागावून काय उपयोग?"

"तेव्हा केलं असतं तर ऑपरेशन झालं असतं का?" मी डॉक्टरांना विचारलं.

"तसं सांगता येत नाही," ते म्हणाले. "झालंही असतं."

तेव्हापासून घरात, शाळेत, नातेवाइकांत हीच गोष्ट झाली. मोठ्या बाईंनी पाहुण्यांसाठी तारीख सोडली. काहींनी कौतुकानं सांगितली, काहींनी हळहळून. मी कोणाचीच दुरुस्ती केली नाही. एकदा आईची पाठ पुसताना मी म्हणाले, "आई, त्या तारखेचं..." ती म्हणाली, "पाणी गार झालंय, जरा गरम घाल." मी गरम घातलं.

परदेशातलं पत्र आलं तेव्हा आई दुसऱ्यांदा हॉस्पिटलात भरती होती. माझी निवड झाली होती. तिनं सगळ्या नर्सेसना सांगितलं. "माझी मुलगी तिकडच्यांना शिकवायला जाणार." मी गेले नाही. जागा दुसऱ्या विज्ञान शिक्षिकेला मिळाली. ती परत आल्यावर स्टाफरूममध्ये तिनं फोटो दाखवले. त्यांतल्या एका पुलाचं नाव तिला आठवत नव्हतं, ते मी सांगितलं.

आई गेली तिला तेव्हा तीन आठवडे झाले होते.

तिची खोली आवरायला दादा आला त्याच सकाळी मुख्याध्यापिकाही आल्या. बराच वेळ आईबद्दल बोलल्या, रडल्याही, खरं रडल्या. दारात चपला घालताना म्हणाल्या, "यंदाही तिकडचे दोघे येतायत. तुमच्याइतकं कोणाला जमत नाही हो. आणि आता तर खोलीही..." आणि थांबल्या. त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे, तुम्हाला मन रमवायलाही..."

"नाही जमणार," मी म्हणाले.

"मोठ्या बाई असत्या तर..."

"हो म्हणाल्या असत्या. माहीत आहे मला."

मी खोलीत आले तेव्हा दादा पलंगावर आईच्या स्वेटरांच्या घड्या घालत होता. पुस्तकं एका पिशवीत, औषधं दुसऱ्या. त्याला दुपारी निघायचं होतं. मी दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं.

"दादा, तारीख आईनं नाही बदलली. मी बदलली. माझा पाठ होता म्हणून."

त्यानं घडी पूर्ण केली. मला वाटलं होतं तो ओरडेल. मला ते हवं होतं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"कसं?"

"तिनं मला फोन केला होता. तू फिरवलीस त्याच दिवशी, दुपारी. म्हणाली, गुरुवारी येशील का, हिला शाळा आहे, मला तेवढं घेऊन जा. मूळ तारीख अजून कोणाला दिली नसेल, सांगून बघते म्हणाली."

"मग?"

"माझं ऑफिसात ऑडिट होतं. म्हटलं, आई, पुढच्या महिन्यात येतो. ती म्हणाली, बरं." तो खिडकीकडे बघत होता. "आणि म्हणाली, हिला सांगू नकोस मी विचारलं म्हणून. हिचं लक्ष उडेल. पाठ चांगला व्हायला हवा."

म्हणजे 'तुला जमेल तसं कर' म्हणून झाल्यावर ती वही मिटून आत गेली होती, दार लावून घेतलं होतं, आणि मुलाला विचारलं होतं. तिला जायचं होतं. आणि डॉक्टरांसमोर तिला हट्टी म्हणणारा माणूस हे जाणत होता.

"तू तिला रागावलास, डॉक्टरांसमोर," मी म्हणाले.

"तू गप्प बसलीस."

त्यानं पुढचा स्वेटर ओढला. तो म्हणाला, "राहू दे आता. ती जे बोलली ते आपल्यासाठीच बोलली ना? तिची इच्छा समज. उगाच उकरून कोणाचं भलं होणार आहे?"

तेवढ्यात वकील आत आली. रेडिओ घ्यायला आली होती. पलंगावर स्वेटरांचा ढीग बघून तिचा चेहरा आक्रसला.

"सगळं देऊन टाकणार?"

"सगळं नाही गं," दादा म्हणाला. "तुला हवं ते ठेव."

"मला काही नको. मला आजीचा राग येतो," ती म्हणाली. रडू दाबलं की ती भांडते. "दोन बायका चार दिवस राहायला येणार म्हणून कोणी असं करतं? आम्ही काय तिच्यापेक्षा पाहुण्यांना... मूर्खच होती ती."

"असं बोलू नये," दादा म्हणाला.

"का नाही? कारण एक..."

"तिनं नाही बदलली," मी म्हणाले. "तू टेबलाशी होतीस तेव्हा. मी फोन केला होता. तारीख मी बदलली, आजीला न विचारता. डॉक्टरांशी ती खोटं बोलली, मला वाचवायला."

वकिलानं आधी माझ्याकडे बघितलं, मग मामाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तो दिवस तिला आठवत असावा. पंधरा वर्षांची मुलं विसरत नाहीत. फक्त मोठी माणसं सांगतात त्यावर विश्वास ठेवतात.

"मी सांगितलं होतं तुला," ती म्हणाली. "ती बसून झोपते म्हणून."

"हो."

"मग तिनं तुला म्हटलं का नाही, की मला आत्ताच ने?"

"मी नाही म्हणाले असते, हे तिला माहीत होतं."

ती आणखी काही विचारेल असं वाटलं. मी उत्तर द्यायला तयार होते, एक, दोन, तीन, कितीही. पण तिनं रेडिओ उचलला, वायर गुंडाळली, आणि तिच्या खोलीत गेली. कडी लावल्याचा आवाज आला.

"कशाला सांगितलंस तिला?" दादा हळू आवाजात म्हणाला. "परीक्षेचं वर्ष आहे तिचं. आता तुझ्याशी बोलायची नाही ती."

"नाही बोलणार."

"माझं काही सांगितलं नाहीस."

"तुझं तू सांग."

त्यानं शेवटच्या स्वेटरची घडी घातली, तो पिशवीत भरला, पिशवीची गाठ मारली. पुस्तकांची पिशवी एका हातात, कपड्यांची दुसऱ्या. वकिलाच्या दारासमोर तो उभा राहिला. आतून कसलाच आवाज येत नव्हता. दारावर थाप मारायला हात मोकळा नव्हता. पिशव्या खाली ठेवाव्या लागल्या असत्या. क्षणभर मला वाटलं, ठेवेल. मग तो जिन्याकडे वळला.